शिकारी चाकू नको, कामाची सुरी आणि कोयत्याचं म्यान: घरच्या घरी हा धंदा कसा उभा करायचा?



चाकू आणि चामडी म्यान बनवण्याचे परदेशी व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितले असतील. एक माणूस गॅरेजमध्ये बसतो, लोखंडाची पट्टी तापवतो, घासतो, लाकडी मूठ बसवतो, चामड्याचं म्यान शिवतो आणि "हंटिंग नाईफ" म्हणून भारी किमतीला विकतो. बघायला मस्त वाटतं. मग प्रश्न येतो, "सर, हे आपल्याकडे चालेल का? भांडवल किती लागेल?"

व्हिडिओत हात दिसतात, पण हिशोब आणि कायदा दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये आकडेमोड आहे आणि शेवटी गृहपाठ आहे.

आधी उत्तर सांगतो. शिकारीचा चाकू म्हणून हा धंदा आपल्याकडे चालणार नाही, आणि चालवायचाही नाही. पण तेच हात, तीच हत्यारं आणि तेच चामडं वापरून अहिल्यानगर जिल्ह्यात दुसरा, जास्त भरवशाचा माल बनवता येतो. तो कोणता ते आता बघू.

१. गिऱ्हाईक कोण? आधी हे ठरवा

परदेशात शिकारीचा परवाना मिळतो, हंगाम असतो, म्हणून तिथे शिकारी चाकूला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. म्हणजे ज्या कामासाठी ती वस्तू आहे, ते कामच इथे गुन्हा आहे. मग घेणार कोण? एक तर शोकेसमध्ये ठेवणारा हौशी माणूस, नाहीतर कमरेला लावून मिरवणारा पोरगा. पहिला वर्षातून एकदा येतो. दुसरा आला तर त्याच्यामागे पोलीस येतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासा, श्रीगोंदा सगळीकडे ऊस आणि कारखाने आले. ऊस म्हटला की तोड आली आणि तोड म्हटली की कोयता आला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड बांधून तोडीला निघतात. कोयता या धंद्यात इतका मुरलेला आहे की नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात, एकट्या माणसाला "अर्धा कोयता" म्हणतात आणि मुकादम उचलसुद्धा कोयत्यावर देतो.

माणसांची मोजणी ज्या हत्याराने होते, त्या हत्याराला म्यान नसतं! कोयता फडक्यात गुंडाळून, गोणीत खुपसून, मोटारसायकलच्या डिकीत अडकवून नेतात. त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लेकरं बसलेली असतात. मित्रांनो, ही खरी गरज आहे. आणि गरज असते तिथेच गिऱ्हाईक असतं.

आपल्या जिल्ह्यात या कामाचे गिऱ्हाईक साधारण असे:

- ऊसतोड मजूर आणि मुकादम: कोयता आणि कोयत्याच्या धारेचं म्यान.
- शेतकरी: डाळिंब, लिंबू, भाजीपाल्यासाठी छोटी सुरी. खिशात किंवा पट्ट्याला लावता येईल अशी.
- घरची स्वयंपाकघरं, ढाबे, मेसवाले: कार्बन पोलादाची, पुन्हा पुन्हा धार लावता येणारी सुरी.
- भेट देणारे: गृहप्रवेश, दिवाळी, कंपनीची भेटवस्तू. इथे लाकडी मूठ आणि म्यानाला भाव मिळतो.

या यादीत "शिकारी" कुठेच नाही, आणि तरी यादी लांब आहे.

२. कायदा: पाच मिनिटं द्या, पुढचा त्रास वाचेल

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सोडू नका. धारदार वस्तूच्या धंद्यात माल खराब झाला तर पैसे जातात. कायदा मोडला तर धंदा जातो आणि सोबत नावही जातं.

शस्त्र कायदा १९५९. या कायद्यात शस्त्र म्हणजे हल्ला किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू त्यात येत नाही. नियमांमध्ये तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आहेत. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले मात्र वगळले आहेत. कोयता २ इंचांपेक्षा रुंद असतो, तरी तो शेतीचं अवजार आहे. म्हणजे तुमचा माल कशासाठी "बनवला" आहे हे महत्त्वाचं. नुसतं नाव बदलून भागत नाही. दोन्ही बाजूंनी धार असलेला खंजीर बनवून त्यावर "किचन नाईफ" लिहिलं, तर तो खंजीरच राहतो.

म्हणून आपले घरचे नियम असे ठेवा:

- सुरीचं पातं ६ ते ७ इंचांच्या आत. धार एकाच बाजूच्या कडेला, पाठ बोथट.
- खंजीर, गुप्ती, बटण दाबून उघडणारा रामपुरी, तलवार यांची ऑर्डर घ्यायची नाही. "फक्त फोटोसाठी पाहिजे" म्हणाला तरी नाही.
- प्रत्येक विक्रीची पावती. त्यावर "ऊसतोड कोयता", "भाजीची सुरी" असं कामाचं नाव लिहा. घेणाऱ्याचं नाव, गाव, मोबाईल वहीत लिहून ठेवा.
- १८ वर्षांखालच्या मुलाला माल द्यायचा नाही.

महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. सण, निवडणूक, मोर्चे अशा काळात जिल्ह्यात जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या काळात हत्यारं घेऊन फिरण्यावर बंदी असते. आठवडे बाजारात माल न्यायच्या आधी आदेश चालू आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. धंदा सुरू करतानाच ठाण्यात जाऊन "मी शेतीची आणि घरगुती अवजारं बनवतो" असं लेखी पत्र देऊन पोहोच घेतलीत तर उत्तम. पैसे लागत नाहीत आणि उद्या कोणी काही बोललं तर कागद हातात असतो.

अभयारण्य. भंडारदरा, कळसूबाईकडे येणाऱ्या पर्यटकांना "कॅम्पिंग चाकू" विकावा, ही कल्पना बऱ्याच जणांना सुचते. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही आणि कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो. म्हणजे तुम्ही विकलेल्या मालामुळे गिऱ्हाईक अडचणीत येणार. तो बाजार सोडून द्या.

मूठ कशाची? परदेशी व्हिडिओत हरणाच्या शिंगाची मूठ दिसते. आपल्याकडे सांबर, चितळ यांचं शिंग किंवा हस्तिदंत विकायच्या मालाला लावायचं नाही. "जंगलात पडलेलं सापडलं" हे उत्तर चालत नाही. बाभूळ, शिसव, साग ही लाकडं पुरेशी आहेत. बाभळीची मूठ तर आपल्या आजोबांच्या कुऱ्हाडीलाही होती.

चामडं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणून म्हशीचं किंवा शेळीचं चामडं घ्या, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून घ्या आणि पक्कं बिल घ्या. बिल फाईलला लावा.

३. कौशल्य उलट्या क्रमाने शिका

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बहुतेक जण सुरुवात पात्यापासून करतात. भट्टी घेतात, ग्राइंडर घेतात, बेल्ट मशीन घेतात. पैसे आधी जातात आणि हात नंतर बसतो. तुम्ही उलटं करा:

पहिला टप्पा, म्यान. हत्यारं थोडी, आग नाही, आवाज नाही. घराच्या एका खोलीत होतं.
दुसरा टप्पा, मूठ आणि धार. तयार पात्याला चांगली मूठ बसवणं, जुन्या सुऱ्यांना धार लावून देणं.
तिसरा टप्पा, पातं. हात आणि गिऱ्हाईक दोन्ही तयार झाल्यावर.

पातं कुठून आणायचं? आपल्याकडे लोहार आहेत, घिसाडी समाज आहे. रस्त्याच्या कडेला पाल टाकून, भाता चालवून विळे, कोयते, खुरपी बनवणारी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण मारते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्या हातातलं "पाणी देण्याचं" कसब कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. त्यांच्याकडून पाती रोखीने विकत घ्या. "मामा, अशा मापाची दहा पाती पाहिजेत, भाव तुम्ही सांगा" असं बोला. घासाघीस करून त्यांचा भाव पाडू नका, कारण पुढे तेच तुमचे गुरू होणार आहेत आणि तेच पुरवठादार. ते गुण देतील, तुम्ही मूठ, म्यान आणि बाजार द्या. ही भागीदारी दोघांच्या फायद्याची आहे.

आणि नगरला धातूकाम नवीन नाही बरं का! विजापूरची प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतली गेली होती. मातीत गुण आहे, फक्त हिशोब जोडायचा आहे.

४. म्यान कसं बनवायचं: पायरी पायरीने

लागणारं साहित्य: ३ ते ३.५ मिमी जाडीचं झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं, रापी, आरी, दोन जाड सुया, मेण लावलेला जाड दोरा, चिकटवायचं सोल्युशन, बटण आणि रिव्हेट, हातोडी, लोखंडी पट्टी.

चामडं ओळखा. क्रोमने कमावलेल्या चामड्यात रसायनाचे क्षार राहतात, त्याने पात्याला गंज लागू शकतो आणि ते आकारही धरत नाही. सालीने कमावलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो पटकन शोषला जातो आणि डाग गडद होतो. कापलेल्या कडेला निळसर-करडी झाक दिसली तर ते बहुतेक क्रोमचं आहे.

सुरीचं म्यान:

(१) पातं जाड कागदावर ठेवून आखा. पाठीच्या बाजूला घडी येईल आणि धारेच्या बाजूला शिलाई येईल असा नमुना काढा. सगळीकडे १२ ते १५ मिमी जागा सोडा.
(२) कागदाचा नमुना आधी पिनांनी जोडून पातं घालून बघा. कागद फुकट गेला तर चालेल, चामडं नाही.
(३) रापीने एका दमात कापा. थांबत थांबत कापलं तर कड दातेरी होते.
(४) धारेच्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये चामड्याची ८ ते १० मिमी रुंद पट्टी घाला. ही पट्टी म्यानाचा जीव आहे. ती नसेल तर धार सरळ दोऱ्यावर घासते आणि महिन्याभरात शिवण तुटते. मग काय होईल? पातं बाहेर येऊन मांडीत जाईल. पट्टी विसरायची नाही.
(५) सोल्युशन लावून, थोडं सुकू देऊन, दाबून चिकटवा.
(६) कडेपासून ५ मिमी आत रेघ मारा. ४ मिमी अंतरावर आरीने भोकं पाडा. आरी सरळ धरा, तिरकी गेली तर मागची रेघ वाकडी होते.
(७) शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्या, दोन्ही टोकांना सुई ओवा. एकाच भोकातून दोन्ही सुया उलट-सुलट काढत शिवा. मशीनच्या टाक्यात एक धागा तुटला की पूर्ण शिवण उसवते. या हाताच्या शिवणीत तसं होत नाही. हे गिऱ्हाईकाला सांगा, दाखवा. तुमचा भाव याच टाक्याचा आहे.
(८) म्यान कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा. पात्याला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, म्यानात घाला आणि बोटांनी दाबून आकार द्या. मग पातं काढून म्यान सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं तर चामडं कडक होऊन तडकतं.
(९) टोकाला छोटं भोक ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जातं.
(१०) कडा लाकडाच्या गोल काडीने घासून गुळगुळीत करा, वरून मेणाचा हात द्या. मागे पट्ट्याची पळ आणि मुठीला धरणारं बटण लावा.

गिऱ्हाईकाला एक चिठ्ठी द्या: "सुरी महिनोन्‌महिने म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. वापरून झाल्यावर पुसा, तेलाचा हात द्या."

कोयत्याचं म्यान वेगळं. कोयत्याचं तोंड रुंद आणि पुढे वाकलेलं असतं. पिशवीसारखं म्यान केलं तर कोयता आत-बाहेर होताना अडकतो आणि चामडं कापलं जातं. त्यापेक्षा फक्त धार झाकणारी पट्टी करा. चामड्याची लांब पट्टी मध्ये दुमडायची, आतून धारेच्या जागी दुसरी जाड पट्टी शिवायची आणि पाठीवरून दोन पट्टे आणून बटणाने बंद करायचे. दोन बटणं काढली की पट्टी सुटते. चिखलात पडली तर धुता येते. चामडं महाग पडत असेल तर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा किंवा जाड कॅनव्हासचाही प्रयोग करून बघा. तोडीवरच्या माणसाला शोभा नको, टिकाऊपणा हवा.

५. पातं बनवायचं ठरवलंत तर

हे काम फ्लॅटमध्ये नाही. मोकळं अंगण, पत्र्याची शेड आणि शेजाऱ्यांची संमती हवी. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी काय लागते ते आधी विचारा.

पोलाद. गाडीच्या पाट्यांचं पोलाद चांगलं असतं, म्हणून आपले लोहार तेच वापरतात. पण जुन्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात आणि पाटा जाड असल्याने तो ठोकून पातळ करावा लागतो. नवशिक्याने स्प्रिंग पोलादाची ३ मिमी जाडीची नवी पट्टी घ्यावी आणि घासून आकार द्यावा. स्टेनलेसच्या नादी लागू नका, त्याला १००० अंशांच्या वर नेमकं तापमान लागतं आणि ते घरच्या भट्टीत सांभाळता येत नाही. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत अजिबात टाकू नका, त्याचा धूर विषारी असतो.

पाणी देणे. म्हणजे पातं कडक करणं. नाव पाणी असलं तरी स्प्रिंग पोलाद पाण्यात बुडवायचं नाही, तडा जातो. तेल लागतं. क्रम असा:

- भोकं पाडणं, आकार देणं हे सगळं आधी उरका. धारेची कड १ मिमीच्या आसपास जाड ठेवा, अगदी पातळ कड तेलात वाकडी होते.
- भट्टी सावलीत ठेवा म्हणजे रंग नीट कळतो. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून अजून थोडं, ८३० ते ८६० अंशांपर्यंत न्या.
- ५० ते ६० अंश कोमट खाद्यतेलात टोक खाली धरून सरळ बुडवा. गाडीचं जुनं काळं तेल वापरू नका, त्याचा धूर घातक. तेल लोखंडी भांड्यात ठेवा, झाकण हाताशी ठेवा. भडका उडाला तर झाकण टाका, पाणी कधीच नाही.
- चांगली कानस पात्यावरून घसरली तर पातं कडक झालं. आता ते काचेसारखं ठिसूळ आहे, पडलं तर तुटेल.
- म्हणून लगेच "पाणी उतरवा". ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास दीड-दोन तास, असं दोनदा. घासलेल्या पात्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग येतो. कोयता आपटून वापरतात, म्हणून त्याचं पाणी सुरीपेक्षा जास्त उतरवतात. ते नेमकं किती, हे लोहारमामांच्या शेजारी बसून डोळ्यांनी शिका.
- नंतर पातळ घासणी. दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं की तिथलं पाणी गेलं, मेहनत वाया.

धारेचा कोन: स्वयंपाकाची सुरी दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंश, शेतातली सुरी २० ते २५.

सुरक्षेत तडजोड नाही: गॉगल, धुळीचा मास्क, बूट, सुती कपडे. बेल्ट मशीनवर सैल बाही किंवा ओढणी नको. लेकरं शेडच्या बाहेर. काम चालू असताना पात्याच्या धारेवर टेप गुंडाळून ठेवा.

६. आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचा भाव टाकून स्वतःचा तक्ता करा.

एक सुरी आणि म्यान:
पोलाद ९० रुपये
लाकडी मूठ, पिना, गोंद ८०
घासण्याचे बेल्ट, पॉलिश पेपर ७०
कोळसा किंवा गॅस, तेल ४०
चामडं १३०
दोरा, बटण, मेण ४०
पॅकिंग ५०
कच्चा माल एकूण ५०० रुपये.

तुमची मजुरी: ५ तास, ताशी १०० रुपये, म्हणजे ५००. वीज, जागा, हत्यारांची झीज १००. बेरीज ११००. काही नग बिघडणारच, त्याचे १० टक्के धरा, ११०. खरी किंमत १२१० रुपये. त्यावर २० टक्के नफा २४२. थेट विक्रीचा भाव १४५२, म्हणजे साधारण १४५० रुपये.

इथे बरेच जण फसतात. मजुरी धरतच नाहीत, "घरचंच काम आहे" म्हणतात, आणि ७०० रुपयांना विकून २०० रुपये सुटले म्हणून खूश होतात. पाच तासांचे २०० रुपये! रोजंदारीवर गेला असता तर जास्त मिळाले असते.

दुसरी अडचण दुकानदार. तो विक्रीच्या भावावर २५ टक्के मागतो असं धरा. १४५० वर त्याचे झाले ३६२, तुमच्या हातात १०८८. खरी किंमत १२१०. म्हणजे प्रत्येक नगामागे तोटा. दुकानातून विकायचं असेल तर भाव १४५२ भागिले ०.७५, म्हणजे १९३६ रुपये पाहिजे. तेवढा मिळत नसेल तर दुकान सोडा, थेट विका.

कोयत्याच्या धारेचं म्यान:
चामड्याचे किंवा बेल्टचे तुकडे ६०
दोरा, बटण १५
मजुरी अर्धा तास ५०
इतर १५
खरी किंमत १४०. विक्री १८०. नफा ४०.

दसऱ्याच्या आधी २०० नग गेले तर नफा ८,००० आणि तुमची मजुरी १०,०००, मिळून १८,००० रुपये, आणि कामाचे तास १००. भट्टी नाही, मोठी मशीन नाही. अर्धा तास हा सरावानंतरचा वेग आहे. पहिल्या दहा नगांना दीड-दोन तास लागतील, ते शिकवणीचे धरा.

पण एक प्रामाणिक प्रश्न: तोडीला जाणारा माणूस १८० रुपये देईल का? उचलीतून पैसे काढणाऱ्याला १८० रुपये मोठेच. म्हणून आधी २०० बनवू नका. १० बनवा. दोन-तीन मुकादमांना वापरायला द्या, एक हंगाम बघा. कदाचित पैसे मजूर नाही, मुकादम किंवा कारखाना देईल. टोळीत एकाचा पाय कापला तर तोड थांबते, हे मुकादमाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. वस्तू वापरणारा आणि पैसे देणारा वेगळा असू शकतो, हे धंद्यात कायम लक्षात ठेवा.

७. भांडवल आणि योजना

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत लोहार, अस्त्रकार, हातोडा व हत्यारसंच बनवणारे आणि चर्मकार हे सगळे आहेत. प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने कर्ज: आधी १ लाख, ते नीट फेडल्यावर २ लाखांपर्यंत. नोंदणी सीएससी केंद्रावर. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि हाताने, अवजारांनी काम करणाऱ्यासाठीच ही योजना आहे. तुमचे भागीदार लोहारमामा यात बसत असतील तर त्यांचा अर्ज तुम्ही भरून द्या. नातं इथेच पक्कं होतं.

चर्मकार समाजातल्या बंधू-भगिनींसाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या योजना आहेत. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

जीएसटी: वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. कोयता-विळ्यासारख्या शेतीच्या हातअवजारांना आणि सुऱ्यांना वेगवेगळे दर आहेत, म्हणून पावतीवर माल वेगळा लिहा. ऑनलाइन किंवा राज्याबाहेर विकण्याआधी सीएला विचारा आणि कुरिअरवाला धारदार माल घेतो का ते आधी पक्कं करा.

८. विक्री: कधी आणि कुठे?

या धंद्याचं कॅलेंडर लिहून घ्या. श्रावण-भाद्रपदात माल तयार करा. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते. त्या आठवड्यात धार लावून देण्याचं काम आणि म्यानं दोन्ही विकली जातात. दसरा ते दिवाळी टोळ्या निघतात. दिवाळीला भेटवस्तू. हंगाम चालू असताना कारखान्याच्या तळावर धार लावण्याची सेवा. उन्हाळ्यात लग्नसराई आणि नवीन घरं.

फोटो काढताना सुरी भाजी कापताना, कोयता उसाच्या फडात दाखवा. हातात सुरी धरून डायलॉग मारणारी रील टाकू नका. लाईक मिळतील, पण गिऱ्हाईक चुकीचं येईल आणि पोलीसही येतील.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गावातल्या किंवा रस्त्यावरच्या एका लोहाराशी अर्धा तास बोला. कोयता कितीला, दिवसाला किती होतात, पोलाद कुठून आणतात, लिहून घ्या.
२. पाच कोयतेवाल्यांना विचारा: "कोयता कसा नेता? कधी लागलंय का?" त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा.
३. चामड्याच्या आधी जाड पुठ्ठ्याचं एक म्यान बनवा.
४. वरचा तक्ता तुमच्या भावाने भरा. मजुरीचा रकाना रिकामा ठेवायचा नाही!

हे चार झाले की मगच पहिला रुपया खर्च करा. चारही उत्तरं बघून धंदा जमणार नाही असं वाटलं, तरी तुमचा तोटा शून्य आहे. आणि जमणार असं वाटलं, तर पहिली दहा गिऱ्हाईकं तुमच्या वहीत आधीच लिहिलेली असतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हात सांभाळा, हिशोब सांभाळा.